सीटखालची स्प्रिंग

काकांनी जुन्या पेटंटचं शेवटचं पान पुतणीच्या हातात कोंबलं, तेव्हा अपिलाच्या सुनावणीला दहा मिनिटं उरली होती. तिने ते वाचलं आणि कपाळावर हात मारला.

जन्मभर फिटर असलेले काका कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासूनच वाचायचे. बिघाडांची यादी तिथं असते म्हणे. पुतणी वकील. वर्षभर ती आणि पेटंटचे परीक्षक, दोघंही जुन्या पेटंटांतल्या नुसत्या चित्रांवरून भांडत होते. व्हीलचेअरमधून उठताना खुर्ची मागे सरकून काकू पडल्या, तेव्हापासून काकांनी ध्यास घेतला आणि माणूस उठताच आपोआप लागणारा ब्रेक केला. परीक्षक म्हणाले, यात नवीन काय? एका जुन्या पेटंटात ब्रेक आहे, दुसऱ्यात माणूस उठताच वर येणारी सीटखालची स्प्रिंग. दोन्ही जोडलं की झालं! आता अपीलही फेटाळलं, तर कुठलाच कारखाना त्या खुर्च्या बनवायला घेणार नव्हता.

"आत तोंडाला कुलूप हं, काका. बोलायचं ते मी बोलेन."

"बरं बाई."

सुनावणीत तिने ब्रेकच्या पेटंटचं ते पान वाचून दाखवलं: या ब्रेकसाठी सीटखाली स्प्रिंग देऊ नये. एकच चाक अडकून खुर्ची कलंडते.

"ब्रेकवालाच स्प्रिंग नको म्हणतोय," ती म्हणाली. "मग दोन्ही जोडायचं कुणाला सुचेल?"

"कसबी माणूस तरीही करून बघतोच," परीक्षक म्हणाले. "यांनी नाही का बघितलं?"

अपील ऐकणाऱ्या अध्यक्षबाई थेट काकांकडे वळल्या. "हे पान तुम्ही आधी वाचलं होतं?"

काकांनी 'हो' म्हटलं तर परीक्षकांचंच खरं ठरणार होतं; पुतणीने त्यांची बाही धरली.

"नाही मॅडम. आत्ता, बाहेरच्या बाकावर वाचलं." काका उभे राहिले. "आधी वाचलं असतं तर स्प्रिंगला हातच लावला नसता. कलंडणाऱ्या खुर्चीत बायकोला कोण बसवेल? मी आपला अडाण्यासारखा लावून मोकळा झालो. कलंडलीच. मग दोन्ही चाकं एका दांड्याला जोडून ती सरळ करण्यात आठ महिने गेले."

परीक्षकांनी ते पान मागून घेतलं. दोनदा वाचलं.

"तुम्ही फिटर असता आणि हे आधी वाचलं असतं, तर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

परीक्षकांनी चष्मा काढला.

"नाही, मॅडम," ते म्हणाले. "मीही लावली नसती."

अध्यक्षबाईंनी निकाल लिहायला पेनाचं टोपण काढलं आणि काकांना बसायची खूण केली.