गेट म्हणजे समजणे

आमच्या ह्यांना सगळे ‘गेट सर’ म्हणत. शिकवणीला नव्याने आलेल्या मुलांना आधी वाटे, हे फाटकापाशी उभे राहून उशिरा येणाऱ्यांना पकडणारे सर असतील. पुढच्या खोलीतल्या सतरंजीवर बसलं की मग कळे. इंग्रजीतलं ते एवढंसं क्रियापद घ्यायचं आणि त्याचे सगळे अर्थ चालीवर म्हणायचे, हा ह्यांचा पहिला धडा. गेट म्हणजे मिळणे, गेट म्हणजे आणणे, गेट म्हणजे होणे, गेट म्हणजे पोचणे, गेट म्हणजे समजणे. पुढे मग गेट अप उठणे, गेट डाऊन उतरणे, गेट वेल बरे होणे, अशी ती गाडी चालायची. एवढा एक शब्द सांभाळा, परक्या देशातही उपाशी राहणार नाही, असं हे मुलांना सांगत. मी त्या वेळी आतल्या खोलीत माझ्या नेमाला बसलेली असे. भिंतीपलीकडचा गलका कानावर पडे, पण चित्त देवाकडे. त्यामुळे शब्द पाठ झाले तरी तिकडे नेमकं काय चालतं, हे मी कधी बघितलं नाही.

मागच्या वर्षी ह्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पाणी म्हणता येईना, नको म्हणता येईना. ‘अगं’ एवढी हाकसुद्धा येईना. एके दिवशी मी दाढी करून देत होते, तर साबणाच्या फेसातून एकदम चालीवर, स्वच्छ आवाजात, गेट म्हणजे मिळणे. माझा हात तसाच राहिला. हे पुढचे अर्थही म्हणत गेले. नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, बायको विसरला आणि साहेबाची भाषा लक्षात ठेवली, बघ बाई कसला नवरा आहे तुझा. मी पोटभर हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई घरी येत. त्यांनी मला समजावलं की हे बोलणं नव्हे, पाठांतर आहे, आणि पाठांतर मेंदूत वेगळ्या जागी राहतं. तरी प्रयत्न करू म्हणाल्या. ह्यांनी एक तरी शब्द आपणहून, ओळीबाहेरचा काढायला हवा. तो काही निघाला नाही. शेवटी त्या यायच्या बंद झाल्या.

पण मला एक सापडलं होतं. ‘समजणे’ म्हटल्यावर हे थांबत. थांबून माझ्याकडे बघत. नुसतं बघणं नव्हे, भुवया जरा वर, मान जरा पुढे, उत्तराची वाट बघावी तसं. मी म्हणे, हो, कळलं हो मला. की मग सुटल्यासारखे पुढे जात. हळूहळू मी त्या जागेची वाट बघू लागले. दिवसभराचं सगळं तिथे सांगायचं. दूध नासलं, नळाला पाणी आलं नाही, शेजारणीची सून माहेरी गेली ती आलीच नाही. जे सांगेन ते ऐकून घेऊन हे पुढे जात. लग्न झाल्यापासून ह्यांनी माझं इतकं कधी ऐकलं नव्हतं.

मग न्हाणीघरात ह्यांना उठवताना मी पडले आणि मनगट मोडलं. मुलगा धावत आला. येतानाच एका सेंटरमध्ये ह्यांच्यासाठी खाट धरून आला. तिथे उचलायला माणसं आहेत, नर्स आहे, तुला एकटीला हे झेपणार नाही, असं त्याने नाना परीने सांगितलं. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. मी म्हटलं, “ह्यांना समजतं रे सगळं. समजणाऱ्या माणसाला असं कुठे ठेवून येतात?”

तो म्हणाला, “दाखव मला.”

मी ह्यांच्यासमोर बसले आणि सुरुवात करून दिली. हे म्हणत गेले. ‘समजणे’वर थांबले, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अहो, हा तुम्हाला न्यायला आलाय. हे क्षणभर तसेच राहिले आणि मग जड आवाजात म्हणाले, गेट अप उठणे. मुलगा उठून खिडकीशी गेला. नाक पुसून म्हणाला की सेंटरला फोन करून खाट सोडतो, इथेच दिवसभराचा माणूस ठेवू.

फोन चार्जिंगला होता. तेवढ्यात दार वाजलं. ह्यांचा एक जुना विद्यार्थी आला होता. आता चष्म्याचं दुकान आहे त्याचं. ह्यांच्या चष्म्याची काडी बदलून द्यायला स्वतः आला. सरांची अवस्था बघून तो घाईने कामाला लागला. काडी बसवली, चष्मा ह्यांच्या नाकावर नीट केला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, “सर, गेट म्हणजे?”

हे लागलीच सुरू झाले. तो कौतुकाने ऐकत होता. ‘समजणे’ आलं. हे थांबले. भुवया वर, मान पुढे, नजर त्याच्यावर. आणि तो चांगला पोटबिट सुटलेला माणूस खुर्चीतच ताठ बसून म्हणाला, “समजलं, सर.”

गेट अप उठणे.

त्याला हसू आवरेना. आम्हाला सर इथेच थांबवायचे, म्हणाला. सगळ्या वर्गाने ‘समजलं सर’ म्हटल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. मागच्या रांगेतली आम्ही पोरं भलतंसलतं ओरडायचो, आवाज आला म्हणजे झालं, सरांना चालायचं. काकू, अजून विसरले नाहीत बघा सर.

मी त्याला चहा दिला. तो पाया पडून गेला.

मुलगा त्याला दारापर्यंत सोडून आला. मग वडिलांसमोर जाऊन बसला आणि त्याने सुरुवात करून दिली. मला नको म्हणायचं होतं, पण म्हटलं नाही. हे ‘समजणे’पर्यंत आले, थांबले, त्याच्याकडे बघत राहिले. अगदी माझ्याकडे बघत तसंच.

“पंखा,” मुलगा हळूच म्हणाला.

गेट अप उठणे.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीच म्हटलं, “खाट सोडू नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नेमाला बसले. देवाची नावं ओळीने येत गेली, एकही चुकलं नाही. संपल्यावर लक्षात आलं, इतका वेळ मी मनात ह्यांच्यासोबत द्यायचे सदरे मोजत होते. ओठ आपले चालले होते. तिथे माझ्यातलं कुणीच नव्हतं. पलीकडून कुणी ऐकत होतं का, हे मला आधी कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

गाडी दाराशी आली. एका हाताने मी ह्यांच्या पायात चपला सरकवत होते, तेव्हा हे आपणहूनच म्हणू लागले. पोचणे झालं, समजणे झालं, आणि थांबले. मी वर बघितलं नाही. चपलेचा पट्टा लागत नव्हता. मुलाने ह्यांना उचललं, मागच्या सीटवर नेऊन बसवलं, गुडघ्यावर शाल घातली. हे अजून थांबलेलेच होते. काचेतून माझ्याकडे बघत होते, भुवया वर, मान जराशी पुढे.

मी तोंड उघडलं नाही. मुलाने दार लावलं.