चार नंबरची शेळी

तीन दिवसांत पाचव्यांदा रंजिताने तोच तक्ता उघडला आणि पुन्हा तेच दिसलं. चार नंबरची शेळी ऑक्टोबरपासून चार नंबरची शेळी राहिलीच नव्हती.

शहापूरच्या भाड्याच्या खोलीत ती खुर्चीवरून उठायची, खिडकीशी जायची, परत येऊन बसायची. डबा सकाळपासून तसाच पडला होता. दोन वर्षांचं काम होतं हे. लडाखच्या पश्मिना शेळीला जाड केसांखाली मऊ लोकर येते, पण ती बारमाही वाढत नाही. दिवस लहान व्हायला लागले की कातडीतली बारीक केसमुळं जागी होतात, थंडी सरता सरता झोपी जातात आणि मग लोकर झडते. ही झोप-जाग कोणती जनुकं ठरवतात ते शोधायचं होतं. तुलनेसाठी लोकर न येणाऱ्या शेळ्या हव्या होत्या, तेव्हा रंजिताने तिच्या मार्गदर्शक बोंद्रे मॅडमना आपल्या आईच्याच शेळ्या सुचवल्या. वैशाखरे गावाच्या वरच्या वाडीतल्या आठ काळ्या शेळ्या, गळ्यात नंबरचे बिल्ले. दर महिन्याला गुरांचे डॉक्टर पाठीवरची जागा बधिर करायचे आणि मसुरीएवढी कातडी काढून कुपीत घालायचे. कुपीवर नंबर रंजिता लिहायची.

जनुकं कधी जागी, कधी निजलेली, हे महिन्यागणिक बदलतं. पण जन्मताना जी जनुकं मिळाली ती मरेपर्यंत तीच राहतात. चारच्या कुप्यांत मात्र ऑक्टोबरपासून ती आधीच्या कुप्यांशी जेमतेम निम्मी जुळत होती. आपणच कुप्यांची अदलाबदल केली, असं तिने आधी धरलं आणि स्वतःला शिव्या घातल्या. पण उरलेल्या सातांपैकी कुणाशीच जुळेना. म्हणजे ही नववीच कुणीतरी. चारची सख्खी बहीण असावी इतकी जवळची.

शोधनिबंध सोमवारी पाठवायचा होता. शनिवारी सकाळी तिने मुरबाडची जीप पकडली, मुरबाडहून गावाकडची एसटी. अर्ध्या वाटेत दोनदा मॅडमना फोन लावला आणि वाजायच्या आत कापला.

तिची आई, सावळी, राब भाजायच्या तयारीत, भाताची रोपं करायच्या तुकड्यावर पातेरा, वाळका पाला, पसरत होती.

"आये, चार नंबरची कुठं हाय?"

"ती काय, बांधावर चरते."

"ही नाय. पयली."

सावळीच्या हातातला पातेरा तसाच राहिला. मग तिने तो खाली टाकला, हात पदराला पुसले आणि बांधावर बसली.

"बिबट्यानं नेली. दसऱ्याच्या आधल्या दिवशी, सकाळचीच. मी काठी घेऊन मागं धावली, वरडली. त्यानं सोडली, पण मान मोडलेली. बिल्ला गवतात पडला होता, तो उचलला."

"आणि ही?"

"तिचीच जुळी बहीण. पिल्लू असताना भिमीला दिलेली ना, तिच्याकडून आणली."

भिमी म्हणजे रंजिताची मावशी, दोन डोंगर पलीकडे राहणारी. रंजिताला बसायला जागा सुचेना. ती उभीच राहिली.

"मला सांगायचं ना गो आये."

"तूच बोललेलीस, आठ म्हणजे त्याच आठ पायजेत, एक गेली तर वरीस फुकट. मला वाटलं तुजी नोकरी जाईल. आणि बिबट्याचं ऐकलं असतंस तर मला उचलून शहापूरला नेली असतीस."

"पण मी दर महिन्याला येत होते. मला कसं कळलं नाय?"

"तू पाठ बघायचीस," सावळी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तोंड बघितलं असतंस तर कळलं असतं. हिचा कान चिरलेला हाय."

रंजिताने बांधाकडे पाहिलं. कान खरंच चिरलेला होता. मग तिची नजर आईच्या डाव्या मनगटावर गेली. ते वाकडं जुळलं होतं. तिने विचारायच्या आत आईने हात पदराखाली घेतला. "त्या दिवशी दगडावर पडली. आता दुखत नाय."

रेंजसाठी रंजिता खाली हमरस्त्यापर्यंत चालत गेली. चालताना डोक्यात एकच घोळत होतं: ऑक्टोबरपासूनचे चारचे आकडे गुपचूप पुसले, 'नमुना खराब' असं लिहिलं, तर कुणाला कळणार आहे? रस्त्याला लागेपर्यंत तिने ते वाक्य मनात तीनदा लिहिलं. घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजात मग तिने फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी आधी किती महिन्यांचे नमुने गेले ते विचारलं.

"हे मला लेखी हवंय," मग त्या म्हणाल्या. "जसं घडलं तसं. आईंचं नाव नको, पण शेळी बदलली हे आलंच पाहिजे. सोमवारी काही पाठवायचं नाही."

"मॅडम, मी या कामावर राहणार का?"

"आधी सात शेळ्यांवर काय उरतं ते बघ."

दहा दिवसांनी ते कळलं. पश्मिना शेळ्यांशी तुलनेत सापडलेल्या तीन फरकांपैकी दोन टिकले, तिसरा, सगळ्यात ठळक वाटलेला, विरून गेला. मॅडमनी तिला कामावर ठेवलं, पण आणखी एक हिवाळा नमुने घ्यायचे ठरलं. आता बिल्ले नकोत, कातडीखाली नंबरची चिप बसवायची.

मधल्या एका सोमवारी ती आईला मुरबाडला घेऊन गेली, मनगटाचा एक्स-रे काढला. हाड पक्कं जुळलंय, आता काही करता येणार नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

जूनमध्ये चिपा आणि गुरांच्या डॉक्टरांना घेऊन रंजिता वाडीवर आली तेव्हा सावळी घरातून बाहेर आली नाही.

"माजा भरवसा नाय ना आता. तुमचे तुमी धरा," ती आतूनच म्हणाली.

रंजिताने समजूत घातली नाही. घालता येईल असं तिला वाटलंही नाही. ती अंगणात जाऊन शेळी धरायला बसली. पहिली तिच्या हातून निसटली, दुसरीने डॉक्टरांच्या गुडघ्यावर लाथ घातली. तिसरीच्या वेळी सावळी बाहेर आली, शेळीची मान काखेत घेतली आणि डॉक्टरांना म्हणाली, "हं, टोचा."