नामाजीची ओल्ड फॅशन्ड

“संत्रं पिळलं असंल त्यांनी त्यात,” नामाजी म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला कळलं की आपण गप्प बसायला हवं होतं.

ओसरीवरची सगळी माणसं त्याच्याकडे बघायला लागली. त्याची बायको भागाबाई पोह्यांची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

आज त्यांच्या अंजलीची सुपारी फुटायची होती. आखाडा बाळापूरचे व्यंकटराव, त्यांची बायको शालूबाई आणि मुलगा हरीश अशी पाहुणेमंडळी हट्टा गावी नामाजीच्या घरी आली होती. हरीश आणि अंजलीने एकमेकांना पसंत केलं होतं. मध्यस्थ संतराममामा मधोमध बसले होते. सुपारी फुटली की सोयरीक पक्की, आणि तोवर नामाजीने तोंड उघडायचं नाही, अशी भागाबाईची सक्त ताकीद होती.

कारण नामाजी एकतीस वर्षं हैदराबादच्या एका क्लबात बारच्या काउंटरमागे उभा होता, आणि भागाबाईने हे गावाला कळू दिलं नव्हतं. बकऱ्या राखणाऱ्या माळकरी घरातला माणूस दारू ओततो म्हटल्यावर पोरीला स्थळ कोण आणणार? म्हणून तिने “क्लबात स्टोअरवर हायेत” असं सांगून टाकलं आणि एकतीस वर्षं निभावून नेलं. खोटं बोलावं ते असं, एकदाच आणि कायमचं.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण व्यंकटराव गोष्टीवेल्हाळ निघाले. हळदीच्या भावावरून ते हैदराबादला गेले, तिथून भाच्याच्या लग्नात आणि लग्नातून थेट ग्लासात शिरले. “कॉकटेल हाय म्हणं, ओल्ड फॅशन्ड! चांगल्या व्हिस्कीचा नुसता काढा करून दिला. दीडशे वर्ष झाली म्हणं तिला. काहून टिकली, देव जाणे.”

नामाजीला सासुरवाडीचे टोमणे सोसत, उन्हाळा सोसत असे. हे मात्र सोसवेना.

“संत्रं पिळलं, ते तुमाला काय ठाव?” व्यंकटरावांनी विचारलं.

“स्टोअरवर व्हते ना,” भागाबाई घाईने म्हणाली. “संत्रे मोजून द्याचे. घ्या की पोहे.”

नामाजीने बायकोकडे पाहिलं. मग आतल्या दाराशी उभ्या असलेल्या अंजलीकडे पाहिलं. पोरीचं तोंड पांढरं पडलं होतं, पण तिने मान हलवली. सांगा, अशीच ती मान होती.

“स्टोअरवर नव्हतो,” तो म्हणाला. “बारमधी व्हतो. एकतीस वर्ष. ही ओल्ड फॅशन्ड रोज बनवली. संत्रं पिळायचं नसतं त्यात. साल नुसती वाकवायची, वास पडू द्याचा. तुमाला जे दिलं ते शरबत व्हतं.”

अंगणातली बकरी तेवढी ओरडली. संतराममामांनी विड्याच्या ताटावर उगाच हात ठेवला, जणू सुपारी पळूनच जाणार होती. भागाबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पोरीचं जमलेलं लग्न एका संत्र्यापायी मोडतंय, असंच तिला वाटत होतं.

शालूबाई पहिल्यांदा बोलल्या. “तुमी घेता?”

“न्हाई.”

“थेंबबी न्हाई,” भागाबाई म्हणाली. “देवाशपथ.”

“मंग बराबर झाली का न्हाई, कसं कळायचं?”

“वासानं. अन् गिऱ्हाइकाच्या खांद्यानं. माणूस दिवसभराचा ताण घेऊन येतो, खांदे वर असतेत. बराबर झाली की पहिल्या घोटाला खाली येतेत.”

शालूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, डिकीतली बाटली आना.”

“कोनती बाटली?”

“सोयरीक जमली की वाटेत थांबून उघडायची व्हती ती. आना गुमान.”

हरीश हसू दाबायला खाली बघू लागला. व्यंकटराव उठले.

देव्हाऱ्यासमोर नको म्हणून अंगणात लिंबाखाली स्टूल मांडलं. नामाजीने ट्रंकेतून अंगठ्याएवढी बाटली काढली. कडवट अर्काची ती बाटली क्लब सोडताना साहेबांनी दिली होती. अंजलीने साखर, बर्फ आणि पाहुण्यांसाठी आणलेलं एक संत्रं आणून दिलं. नामाजीने पांढरा पंचा हातावर टाकला आणि तो ताठ उभा राहिला. भागाबाई बघतच राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस तिने असा उभा राहिलेला पाहिला नव्हता.

साखरेवर अर्काचे दोन थेंब. चमचाभर पाणी. मग व्हिस्की, मग बर्फ. चमचा ग्लासात फिरत होता, पण काचेला लागल्याचा आवाज नव्हता. शेवटी सालीचा तुकडा ग्लासावर धरून त्याने बोटांनी हळूच वाकवला, आणि संत्र्याचा वास अंगणभर झाला.

“कडू असंल ते झाकायचं न्हाई, व्याही,” तो ग्लास देत म्हणाला. “नुसतं सांभाळून घ्याचं. नवीन नवीन लई आल्या अन् गेल्या. हिच्यात लपवाछपवी न्हाई, म्हणून टिकली.”

व्यंकटरावांनी घोट घेतला. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या खांद्यांवर होत्या. ते बिचारे खांदे एवढ्या माणसांसमोर काय करणार? अवघडून तसेच राहिले. नामाजीच्या कपाळावर घाम आला. व्यंकटरावांनी दुसरा घोट घेतला, डोळे मिटले, आणि खांदे निवांत खाली आले.

“भाच्याला फोन करतो,” ते म्हणाले. “पैसे वापस घे म्हणतो.”

शालूबाई इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. मग त्या भागाबाईकडे वळल्या. “विहीणबाई, आमच्या घरात हे गोठ्याआड जाऊन पितेत अन् वर तोंड करून न्हाई म्हंतेत. तुमचं मानूस दारूत राहून कोरडं राहिलं. लपवायचं आमी, का तुमी? मामा, फोडा सुपारी.”

सुपारी फुटली. साखर वाटली गेली. अंजलीने वाकून नमस्कार केला, तेव्हा शालूबाईंनी तिला पोटाशी धरलं. मग संतराममामांनी चष्मा लावून लग्नाची यादी लिहायला घेतली.

“मुलीचे वडील नामाजी. क्लबात स्टोअरकीपर…” ते सवयीने पुटपुटले.

“ते खोडा, मामा,” भागाबाई म्हणाली. तिचा आवाज शेजारच्या दोन घरांत सहज गेला असेल. “बारमधी व्हते. एकतीस वर्ष. तसंच लिवा.”

लिंबाखाली नामाजी रिकामा ग्लास धूत होता. त्याने तो पंचाने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हा एकदा पुसला.