येसबाचा बदली

सरका, अजून थोडे पुढे सरका. खांबाला टेकून बसलात तेही या, कारण ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. बुवा उत्तररंगाला उभे राहिले की देवाचं नाहीतर भक्ताचं आख्यान लावतात. आज जे सांगायचं आहे ते एका फिटरचं आहे, आणि त्याच्या मत्सराचं. सहा शत्रूंमधला हा शेवटचा. बाकीचे पाच दार ठोठावत येतात, आरडाओरडा करतात, माणूस सावध होतो. हा मात्र चपला बाहेर काढून, पाय धुऊन आत येतो आणि आपल्याच पाटावर आपल्या शेजारी जेवायला बसतो. ओळखायचा कसा?

तर ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर चांगदेव राहायचा. कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात तो ड्रॉइंग ऑफिसात होता. त्याचा मेहुणा बोटीवर. साल एकोणनव्वदच्या सुमारास त्या मेहुण्याने परदेशातून एक खोका आणून दिला. आत चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे फासे आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. पट नाही, सोंगट्या नाहीत. खेळ सगळा बोलण्याचा. प्रत्येकाने एक माणूस घ्यायचा, त्याचं नाव-गाव, ताकद, हत्यारं एका कार्डावर लिहायची आणि मग तो माणूस होऊन बोलायचं. समोर काय आहे ते सूत्रधार सांगणार, जमलं की फसलं ते फासा सांगणार. पुस्तकातली पात्रं चांगदेवला काही रुचली नाहीत. त्याने त्यातले नियम तेवढे घेतले आणि आपली खाडी, आपले किल्ले, आपली गलबतं घालून खेळ नवा मांडला. आणि एक पद्धत अशी ठेवली की भिंतीवरच्या कॅलेंडरात आज जी तिथी, तीच खेळातही.

रविवारी जेवणं उरकली की मंडळी जमायची ती दिवेलागणीपर्यंत. चांगदेव सूत्रधार. त्याची बायको हेमा वैदू व्हायची. कोलशेत गावातला धाकू कोळी, जो खरोखरच खाडीत होडी घालायचा, तो खेळात हौसेने सावकार झाला होता. आणि महिपत.

महिपत त्याच कारखान्यात फिटर. खात्यात त्याला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. ‘ए फिटर, पंप गळतोय’, एवढंच. पण चांगदेवच्या खोलीत तो येसबा सारंग असायचा. सहा फूट उंच, कमरेला दोन तलवारी, कुठलंही दार असो, पहिली लाथ येसबाची. ते कार्ड महिपत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचा.

अडचण एकच होती. दर तिसऱ्या आठवड्याला महिपतची सेकंड पाळी यायची, त्यात रविवारही धरलेला. मग येसबाचं करायचं काय? सुरुवातीला चांगदेव सांगायचा, येसबाला हिवताप भरलाय, तो गलबतात निजलाय. दोन-तीनदा असं झाल्यावर धाकू म्हणाला, “ह्याला दर तिसऱ्या रविवारी हिवताप भरतो कसा? लगीन कर त्याचा.” हेमा हसून हसून डोळे पुसत होती. महिपतही हसला, पण त्याच्या माणसावर हसलेलं त्याला आतून लागलंच.

तेव्हा त्यानेच तोड सुचवली, हे मुद्दाम लक्षात घ्या. कारखान्यात कायमचा माणूस आला नाही तर बदली लावतात, तसा येसबालाही बदली लावू म्हणाला. आणि आणलाही त्यानेच. गुणाजी, कारखान्यातलाच बदली कामगार. सकाळी फाटकावर उभं राहायचं, हजेरीबाबूने नाव पुकारलं तर काम, नाहीतर घरी. सहा वर्षं चाललेलं. रविवारी बदल्यांना बोलावत नसत, त्यामुळे तो मोकळा. चांगदेवने येसबाच्या कार्डामागे अटी लिहिल्या. बदलीने मालकाच्या माणसाची वस्तू खर्चायची नाही, त्याच्या वतीने कुणाला शब्द द्यायचा नाही, आणि त्याला मरू द्यायचं नाही. मरायचंच झालं तर मालकाच्या हातून, मालक समोर बसलेला असताना. यातलं एक जरी मोडलं तरी बदली बाद. गुणाजीने अटी दोनदा वाचल्या आणि मान हलवली.

गुणाजीच्या पहिल्या बदलीनंतर महिपत परत आला, कार्ड हातात घेतलं, आणि खेळातल्या बंदरावर येसबा उतरतो न उतरतो तोच चांगदेव म्हाताऱ्या बाईचा आवाज काढून म्हणाला, “आलास का रे येसबा? गुडघा कसा आहे?”

महिपतला कळेना. ही कोण?

ही जनाबाई, नावाड्याची आई, असं हेमाने सांगितलं. मागच्या रविवारी येसबाचा डावा गुडघा दुखत होता. म्हणून तो दाराला लाथ न मारता पायरीवर टेकला, जनाबाईशी बोलत बसला, आणि तिनेच किल्ल्याची चोरवाट दाखवली. केवढी मजा आली म्हणून सांगू भावजी, असं म्हणत हेमा सगळं सांगत राहिली. येसबाने तिची घागर कशी उचलून दिली, काय काय बोलला. महिपत ऐकत होता. गुणाजी कोपऱ्यात बसून कपात चहा ओतत होता. मालक हजर असला की बदलीला काम नाही, तरी तो दर रविवारी यायचा आणि चहाचं बघायचा.

“माझ्या माणसाला गुडघेदुखी तू कुठल्या अधिकाराने दिलीस?” महिपतने विचारलं.

गुणाजी ओशाळला. म्हणाला, “अटीत नव्हतं दादा. आणि मी तुमचंच घेतलं. तुम्ही कंप्रेसरच्या कट्ट्यावर बसून गुडघा चोळता ना, कुणी बघत नाही असं वाटलं की? आणि तेव्हाच झाडूवाल्या मावशीची चौकशी करता. मला वाटलं, येसबा म्हणजे तेच.”

खोलीतले सगळे महिपतकडे बघायला लागले, आणि तेही मायेने. महिपतचे कान तापले. चोरून कुणी आपला फोटो काढावा आणि तो आरशापेक्षा चांगला यावा, तसं काहीसं त्याला झालं. आरशावर रागावता येत नाही, म्हणून तो गुणाजीवर रागावला.

त्या दिवशी त्याने येसबाला मुद्दाम तीन दारं फोडायला लावली. कुणाला विशेष वाटलं नाही. पुढच्या रविवारी त्याने ठरवून येसबाला पायरीवर बसवलं, “आई गं, गुडघा” असंही म्हणून पाहिलं. शब्द पडले आणि तसेच पडून राहिले. धाकूने सुपारी कातरता कातरता मनात नसताना म्हणून टाकलं, “आज आपला येसबा नाय वाटत.”

आता सांगा, कार्ड महिपतचं, नाव महिपतने ठेवलेलं, तलवारी महिपतच्या, बोलणाराही महिपतच, आणि हा म्हणे आपला येसबा नाही.

तेव्हापासून त्याला चैन पडेना. पाना हातात घेतला की गुणाजी दिसायचा. हेमा कॅलेंडरात त्याच्या सेकंड पाळीच्या रविवारी खूण करायची, ती आपण नसणार म्हणून खेळ बेतायला, हे ठाऊक असूनही त्याला वाटायचं, गुणाजीची वाट बघतेय. देवळात कीर्तनाला जाऊन बसला, तर बुवा सांगत होते की दुसऱ्याच्या ताटातलं गोड दिसतं. महिपत मनात म्हणाला, बुवा, ताट माझं आहे, जेवतोय तो. मग उठून बाहेर आला. बुक्काही लावून घेतला नाही.

आणि एके दिवशी त्याने डाव रचला.

तो प्रतिपदेचा रविवार होता. अमावास्या कालच सरलेली, खेळातल्या खाडीलाही उधाण. मंडळी किल्ल्याच्या तटाखाली पोचली होती. महिपतने कुणालाही न विचारता येसबाला एकट्यालाच पाण्याच्या भुयारात घातलं. चांगदेवने दोनदा विचारलं, नक्की? नक्की. मागचं गजाचं दार पडलं, पुढचंही पडलं. वरून किल्लेदार ओरडला, माझी चाकरी करीन अशी शपथ घे, तर गज उचलतो. पाणी गुडघ्याशी आलं होतं आणि चढत होतं. इथे महिपतने कार्ड खाली ठेवलं आणि दिवेलागण झाली म्हणाला.

“पुढल्या रविवारी तू नाहीस,” चांगदेव म्हणाला.

“बदली आहे ना.”

गणित सगळ्यांनाच कळलं. शपथ घेतली तर बदलीने शब्द दिला, म्हणजे बाद. नाही घेतली तर येसबा बुडाला, म्हणजेही बाद. गुणाजीने कप गोळा केले आणि धुवायला घेऊन गेला.

तो रविवार महिपतने कारखान्यात कसा काढला ते त्यालाच माहीत. व्हॉल्व्हचं पॅकिंग दोनदा उलटं बसवलं. सोमवारीही सेकंड पाळी, म्हणून सकाळ रिकामी. त्याला धीर धरवला नाही. सकाळीच कोलशेतच्या खाडीकाठी गेला. धाकू जाळं विणत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

“बघाया आलास, मेला का जगला?”

“जगला?”

मग धाकूने रंगवून सगळं सांगितलं. चांगदेवने पाणी चढवायला घेतलं, तेव्हा धाकूनेच भिंतीकडे बोट केलं. आज तिथी काय? अष्टमी. अष्टमीला खाडीला भांग असतो, म्हणजे भरती अगदी लहान, पाणी छातीच्या वर येतच नाही, हे कोळ्याला कोण शिकवणार? चांगदेवची पद्धत चांगदेवलाच पाळावी लागली. म्हणजे येसबा बुडणार नव्हता, पण पाण्याला ओढ होतीच, ओहोटी लागेपर्यंत गज धरून उभं राहायला हवं होतं, आणि दर घटकेला फासा. हात सुटला की संपलं. गुणाजीने दुपारभर दुसरं काही केलं नाही. फासा टाकायचा, थांबायचं, पुन्हा टाकायचा. किल्लेदार शपथ मागायचा तेव्हा त्याचा येसबा म्हणायचा, “मी एकटा नाही ठरवू शकत, माझं माणूस यायचंय, ते आलं की सांगेन.” तीनदा हात सुटता सुटता राहिला. हेमा वहिनीने देवाजवळ दिवा लावला, भर दुपारी.

“बाकीच्यांनी आपापला डाव खेळलाच नाय,” धाकू म्हणाला. “कोण खेळंल रं? तो पाण्यात उभा.”

आणि मग, तसंच विणत, “तुला ठाव नव्हता ना भांग? एवढी वर्सं खाडीकाठी काम करतोस.”

महिपत दुपारी पाळीवर गेला. सुटला का तो मत्सरातून? छे. उलट आता तो दुप्पट झाला. फजिती झाली ती वेगळीच, वर ते वाक्य. माझं माणूस यायचंय. ज्याला बुडवायला गेलो तो आपली वाट बघत उभा होता, हे सहन करायचं कसं?

पुढच्या रविवारी तो गेला. जावं की न जावं करत नाक्यावर दोन फेऱ्या मारल्या, पण गेला. आत आल्यावर कोणी टोमणा मारला नाही, तेच जास्त टोचलं. गुणाजीने दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. चांगदेव म्हणाला, ओहोटी लागली आहे, किल्लेदार गजाशी येऊन विचारतोय, तुझं माणूस आलं का? काय सांगतोस?

आता मालक समोर होता. मालकाच्या हातून येसबा मरू शकत होता. महिपतने वीस बाजूंचा फासा उचलला. तलवार उपसायची, गजावर डोकं आपटून घ्यायचं, भाला छातीत घ्यायचा, आणि सगळ्यांसमोर हे प्रकरण मिटवायचं. मग ना बदली, ना मालक. मनात असं पक्कं ठरवूनच तो आला होता. त्याने मूठ वळली.

“दादा,” गुणाजी म्हणाला. “तुमचा आहे, तुम्ही काहीही करा. एवढंच की तो दमलाय. आठ दिवस पाण्यात उभा आहे.”

महिपतने कार्डाकडे पाहिलं. एका कोपऱ्यावर घामाची बोटं उमटली होती, आणि ती त्याची नव्हती. मग त्याने फासा गुणाजीपुढे ठेवला.

“तूच बोल त्याच्याशी.”

“नाही जमायचं,” गुणाजी मान हलवत म्हणाला. “मालक हजर असला की बदली लागत नाही. अट आहे.”

चांगदेवने हात वर केले, म्हणजे अट खरी. धाकूने सुपारीचा डबा मिटला. महिपतने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, उठला, दाराबाहेर गेला आणि पायांत चपला सरकवल्या.

“भावजी, कुठे निघालात?”

“मी आज गैरहजर,” महिपत म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

पण तो गेला नाही. गॅलरीत कठड्याशी उभा राहिला. खाली नाक्यावर रिक्षा वाजत होत्या, शेजारच्या खोलीत कुणी मिरच्या परतत होतं, ठसका लागत होता. दाराआडून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग फासा गडगडला आणि येसबा बोलायला लागला. आत कुणीतरी खळखळून हसलं. महिपतच्या छातीत पुन्हा तीच कळ उठली, अगदी नेमकी त्याच जागी, आणि त्याने कठडा घट्ट धरला. त्याला वाटलं आत जावं. त्याला वाटलं निघून जावं. संध्याकाळपर्यंत तो तिथेच उभा होता, आणि कळ काही थांबली नाही.

पुढे दोन वर्षं असंच चाललं. कधी महिपत आत, कधी गॅलरीत. गुणाजी मात्र कारखान्यात कायम झाला नाही. एका सकाळी त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो फाटकावर नव्हता. गावी गेला म्हणतात. येसबा त्यानंतर कुणी फार खेळवला नाही.

तर मंडळी, आता आरती होईल, बुक्का लावाल, प्रसाद घ्याल. महिपतला शिव्या घालू नका, तो आपल्यातलाच आहे. पण हात जोडाल तेव्हा देवाच्या आधी क्षणभर त्या गुणाजीची आठवण काढा. तो आता कुठे आहे, आपल्याला माहीत नाही. त्याच्या हजेरीला आपण तेवढं नाव पुकारू.