आज आपलं झालंय

बोंजूर एका माणसाला दिवसातून एकदाच म्हणायचं असतं. सकाळी म्हटलेलं संध्याकाळपर्यंत पुरतं; त्याच माणसाला पुन्हा म्हटलंत तर तो मान किंचित वाकडी करून सांगतो, "आज आपलं झालंय," आणि त्याच्या चेहऱ्यावर दुखावल्याची एक बारीक रेघ उमटते, कारण सकाळची भेट तुम्ही विसरलात, म्हणजे तो विसरण्याजोगा माणूस ठरला. माझं माहेर फ्रान्सच्या सपाट उत्तरेला, लीलमध्ये. तिथे हे कचेरीपुरतं पाळलं तरी भागतं. माझ्या नवऱ्याच्या, तिबोच्या गावात ते रस्त्यावर, शेतात, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे लागू आहे. जूनमध्ये लग्न होऊन इथे आल्यापासून माझी निम्मी बुद्धी आज कोणाकोणाशी झालं हे लक्षात ठेवण्यातच खर्च होत होती.

मी पळते. न बोलण्याचा तो सर्वांत सभ्य मार्ग आहे, असं मला शहरात वाटायचं. धापा टाकणाऱ्या बाईकडून कोणी गप्पांची अपेक्षा करत नाही. इथे माझी वाट नऊ किलोमीटरांची होती. घराच्या बोळाच्या तोंडाशी जुनी धुण्याची टाकी, तिच्यासमोर मादाम देलपेशची पायरी, मग ओकच्या खुरट्या रानातून पठारावर नेणारा चढ, वर दगडी गडग्यांमधून जाणारी लांबच लांब पायवाट आणि बुईसूच्या मेंढ्या, मग पडक्या गिरणीवरून उतार, गावाची कमान, नादेजचं पावाचं दुकान, आणि घर. वाटेत भेटणारी माणसं तीनच. तरी प्रत्येकापाशी पोहोचण्याआधी मी तो एक शब्द मनात घोळवून ठेवत असे, आणि तो टाकून, दगड चुकवावा तशी, पुढे सटकत असे.

"तुमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा पूल ना?" बुईसू विचारायचा. यावर काहीतरी चुरचुरीत बोलावं असं फार वाटायचं. ते सुचायचं गिरणीपाशी, दोन किलोमीटर उशिरा.

नाताळपर्यंत जमलं नाही तर परत जाऊ, असं तिबोने लग्नाआधीच कबूल केलं होतं. तो छपरं बांधतो. इथल्या दगडी पाट्यांची छपरं, जी लीलमध्ये कोणाला नको आहेत. 'परत जाऊ' म्हणताना त्याने स्वतःला त्यात धरलं होतं की नाही, हे मी विचारलं नव्हतं. ऑक्टोबर लागला तसा तो रात्री जेवताना, "आज कोणाशी बोललीस?" असं विचारायचा, आणि मी उत्तर देईपर्यंत ताटाकडे बघत राहायचा.

पहिल्यांदा झालं ते एका मंगळवारी. मादाम देलपेश पायरीवर बसून अक्रोड निवडत होती, बोटं सालीने काळी झालेली. मी म्हटलं, बोंजूर मादाम.

"आज आपलं झालंय की, पोरी," ती म्हणाली.

मी हसून पुढे गेले. ऐंशीच्या पुढची बाई. काल आणि आज यांची सरमिसळ व्हायचंच वय. पण गुरुवारी तिने तेच सांगितलं, आणि वर पठारावर कुंपणाची तार ओढत असलेल्या बुईसूनेही. त्याचं वय पंचेचाळीस, आणि दोनशे मेंढ्या तो चेहऱ्यावरून ओळखतो.

"मघाशी एवढं हसवलंस," तो म्हणाला, "आणि आता पाहुण्यासारखी बोंजूर काय करतेस?"

"मी? काय म्हणाले मी?"

"वा! तोंडावर पाडायचं आणि वर विचारायचं. म्हणे, आमच्याकडे चढ नाहीत म्हणून तर लोक सरळ चालतात." तो पुन्हा हसला. चुरचुरीत होतं. मला गिरणीपाशी जे सुचतं त्याच जातीचं.

पुढच्या पायवाटेवर गवतावर दव जसंच्या तसं होतं. माझ्याआधी तिथून कोणी गेल्याची खूण नव्हती.

नवख्या सुनेची गाव गंमत करतंय, असं मी ठरवलं. आमच्याकडे लग्नाच्या रात्री नवरीचा बूट पळवतात, इथे हे असेल. मग मी अर्धा तास लवकर निघू लागले, मग एक तास; कमानीखालचा दिवा विझायच्या आत. काही उपयोग झाला नाही. मी कितीही लवकर निघाले तरी मादाम देलपेशशी माझं झालेलं असायचं. तिच्याजवळ बसून मी टोपलीभर अक्रोड फोडले होते. तिच्या गुडघ्याची चौकशी केली होती. तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव मला माहीत होतं, म्हणे. मला ते आजही माहीत नाही.

"गाव तुझ्यावर खूश आहे," पुढच्या आठवड्यात शुक्रवारी तिबो म्हणाला. त्याने जेवणाला बाटली उघडली होती, जी आम्ही नाताळसाठी ठेवली होती. "बुईसू सांगत होता, तिबो, तुझी बायको मुकी नाही, आम्हीच बहिरे होतो. काय केलंस गं तू?"

ती मी नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर आला होता. पण चार महिन्यांत पहिल्यांदाच तो ताटाकडे न बघता माझ्याकडे बघत होता, आणि ते सुख असं नुसतं खरं बोलून घालवायला मन होईना. मी म्हटलं, "काही नाही. थांबले जरा." मग मात्र तो माझ्या चेहऱ्यात आणखी काहीतरी शोधत राहिला. त्या थांबलेल्या बाईला शोधत असावा.

शनिवारी नादेजने माझ्या हातात पाव दिला नाही.

"नेलास की मघाशी! दोन नेलेस. तिबोला आवडतो तसा करपलेला शोधून नेलास." काउंटरवर रेलून तिने डोळे बारीक केले. "भूक फार लागलेली दिसतेय नव्या जोडप्याला."

रांगेतल्या दोघी हसल्या. मी दुकानाबाहेर आले आणि कमानीला टेकून उभी राहिले. आधी देलपेश, मग बुईसू, आता नादेज. ती जी कोणी होती, माझ्या वाटेनं माझ्यापुढे पळत होती, आणि दर खेपेला आणखी थोडी पुढे पोहोचत होती. नादेजनंतर माझ्या वाटेवर एकच दार उरलं होतं. मी तिथून घरापर्यंत अशी पळाले की शर्यतीतही कधी पळाले नव्हते. स्वयंपाकघर रिकामं होतं, टेबलावर पाव नव्हता. तिबो माळ्यावर शीळ घालत होता. तो खाली येऊन माझ्याशी, पहिल्यांदाच भेटल्यासारखा, बोंजूर म्हणाला, तेव्हा मला रडू आलं. घाम आहे, म्हणून मी वेळ मारून नेली.

रविवारी मी उलटी निघाले. आधी कमान, मग गिरणी, मग पठार, शेवटी धुण्याची टाकी. जी माझ्यापुढे जाते ती मला समोरून भेटेल, एवढाच हिशोब होता.

"बोंजूर सोलेन!" नादेज दुकानाच्या फळ्या काढता काढता ओरडली. वाटेवर पुन्हा माझ्या वाट्याला आलेलं हे ताजं बोंजूर. मी थांबले. रविवारी गर्दी किती, कालचे दोन पाव पुरले का, असं काहीतरी ती विचारत गेली आणि मी उत्तरं देत गेले. उत्तरं वेळेवर येत होती, गिरणीपाशी नव्हे. मी करपलेला पाव मागितला आणि तो काखेत मारून पुढे पळाले. पठारावर बुईसूने डोक्यावरून टोपी काढली. "आज उलटीकडून? मेंढ्यांना चक्कर येईल." मी म्हटलं, मेंढ्यांचं सोडा, तुम्ही तारेला धरून उभे राहा. तो इतका हसला की कुत्रा भुंकायला लागला.

खाली येताना रानातली वाट मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. समोरून कोणी आलं नाही. मादाम देलपेशच्या पायरीवर मी बसले, अक्रोड फोडले, गुडघ्याचं विचारलं. बोटं काळी झाली. हे सगळं इतकं सोपं होतं की मला स्वतःचीच भीती वाटली, आणि पाचव्या-सहाव्या अक्रोडाला तीही गेली.

घरी तिबोने माझा काळा हात धरून त्याचा मुका घेतला. "इथली झालीस," तो म्हणाला आणि अंघोळीला वर गेला. मी पाव कापायला घेतला. खिडकी उघडी होती, आणि बोळाच्या तोंडाशी मादाम देलपेशचा आवाज आला, थोडा वैतागलेला.

"आज आपलं झालंय की, पोरी!"

मग पावलं. टाकीवरून बोळात वळणारी, दमलेली, दमल्यावर माझा घासतो तसा डावा पाय किंचित घासणारी. मी मोजत नव्हते, तरी ती किती आहेत हे मला ठाऊक होतं. ती दाराशी थांबली. कडी अगदी हळू वर उचलली गेली, आत कोणी झोपलं असेल तर जाग येऊ नये अशी, आणि तिथेच अडली. कारण मधल्या वेळात मी किल्ली फिरवली होती.

पाठीवरचा घाम आधी गार पडतो. दाराबाहेरच्या सावलीत तर लगेच. लाकडापलीकडे श्वास ऐकू येत होता. आणि बोलायचं ते मनात नीट घोळवून घेणाऱ्या माणसाची शांतता.

एकदाच टकटक झाली, मऊ.

"कोण आहे गं?" वरून तिबोने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले, आणि हात पुसत तशीच उभी राहिले. ती दुसऱ्यांदा दार वाजवणार नाही, याची मला खात्री होती. मी वाजवलं नसतं.