वासदची गाडी

राजेश्वरीचं विद्यापीठात जाणं सुटलं, ते एकदम नाही. ऑगस्टमध्ये तिची एकुलती एक जवळची मैत्रीण वसुंधरा शिकायला कॅनडाला गेली. आधी रोज फोन व्हायचा, मग आठवड्याने, मग तिकडची रात्र आणि इकडचा दिवस जुळेनासाच झाला. एम.एस्सी.च्या वर्गात चाळीस जण होते. राजेश्वरी त्यातल्या कुठल्याच घोळक्यात नव्हती. ऑक्टोबरमध्ये तोंडी परीक्षेत एका साध्या प्रश्नाला तिची जीभच वळली नाही. सर "बसा" म्हणाले, एवढंच. कुणी हसलं नाही, आणि नंतर कुणी काही विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून ती घरी राहिली. तिसऱ्या दिवशी डिपार्टमेंटच्या पायऱ्यांपर्यंत गेली. काल कुठे होतीस असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीने तिथूनच परत फिरली.

घरी सांगणं शक्य नव्हतं. वडील, धनाजीराव, मकरपुऱ्याच्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर. घराण्यात आजवर सगळे शिपाईगडी, मुलगी एम.एस्सी. करतेय हे ते घराजवळ, तरसालीत, भेटेल त्याला सांगायचे. त्यामुळे ती रोज साडेनऊला डबा घेऊन निघायची, विद्यापीठाजवळ बसमधून उतरायची आणि पलीकडे रेल्वे स्टेशनात शिरायची. एका मुलीने तासन् तास एकटीने बसावं आणि कुणी बघू नये अशी तिला सापडलेली ती एकच जागा होती, बायकांची वेटिंग रूम.

तिथे बसायला तिकीट लागतं, म्हणून ती रोज जवळच्याच वासद गावचं काढायची. खोलीवर देखरेख करणाऱ्या दुर्गाबेननी पहिल्या आठवड्यात विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "वासदला मामीकडे शिकवणी घेते." दुर्गाबेनना ते पटलं. तिकडे जाणाऱ्या मेमू लोकलची घोषणा झाली की राजेश्वरी उठायची, जिना चढून स्टेशनच्या पुलावर जायची आणि गाडी निघून जाईपर्यंत कठड्याला टेकून उभी राहायची. मग पुलाच्याच दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसून डबा खायची. दिवसभरात चहावाल्याशी बोलली तरच तिला स्वतःचा आवाज ऐकू यायचा.

रविवारी आई, प्रेमलाबाई, कपडे भिजवताना म्हणाली, "तुझा लॅबचा कोट हल्ली मळत नाही गं."

"थिअरी चालू आहे," राजेश्वरी म्हणाली. आईने कोट तसाच बादलीत बुडवला.

डिसेंबरातल्या एका दिवशी तिला वेटिंग रूमच्या बाकावरच झोप लागली. रात्री झोप येत नसे, दिवसा अशी यायची. कुणीतरी खांदा हलवला. "ऊठ बेन, तारी गाडी आवी गई!" दुर्गाबेननी तिची बॅग उचललीसुद्धा होती. नको म्हणायला तिला काही सुचेना. दुर्गाबेन पुढे धावत, ती मागे. डब्यात चढवून, खिडकीशी बसवून, बॅग मांडीवर ठेवून दुर्गाबेन हसल्या. "बसी गई ने?" आणि गाडी सुटली.

दोन महिन्यांत तिच्यासाठी कुणी इतकं धावलं नव्हतं, आणि तेही एका खोट्यासाठी. मही नदीचा पूल ओलांडल्यावर वासद आलं. ती उतरली. गाडी गेल्यावर प्लॅटफॉर्मवर ती, एक कुत्रं आणि डाळीच्या पोत्यांची रास, एवढंच उरलं. तिला एकदम भीती वाटली. आपण असंच कुठल्याही गाडीत बसू, कुठेही उतरू, आणि संध्याकाळपर्यंत कुणाला कळणारही नाही.

तिने फोन काढला. वसुंधराकडे पहाटेचे तीन वाजले असतील. यादी खाली सरकत 'मोहना लॅब'पाशी थांबली. प्रॅक्टिकलला शेजारच्या टेबलावर असलेली मुलगी. बोलणं व्हायचं ते ब्युरेटची काचनळी देण्याघेण्यापुरतं.

"राजेश्वरी? अगं, कुठे आहेस तू?"

"वासदला."

"वासदला? तिथे कोण आहे तुझं?"

"कुणी नाही," ती म्हणाली आणि पुढे तिला बोलताच आलं नाही.

मोहनाने फोन ठेवला नाही. म्हणाली, "ऐकतेय मी. आम्हाला वाटलं तू सोडलंस. विचारायला हवं होतं गं. पण आपली तेवढी ओळख नाही, तुला वाटेल ही कोण विचारणारी."

"नसतं वाटलं."

"हं." मोहना म्हणाली, "मला पाचपर्यंत प्रॅक्टिकल आहे, निघता येणार नाही. तू परतीच्या गाडीत बस. बसलीस की मला कळव. स्टेशनवर येते मी."

ती आली. दोघींनी उभ्याउभ्याच चहा घेतला. बोलायला फारसं काही नव्हतं. मोहनाने विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंचा नंबर दिला, "माझा भाऊ जायचा त्यांच्याकडे" एवढंच म्हणाली, आणि घरी जायला गोत्रीची बस पकडून गेली.

त्या संध्याकाळी राजेश्वरीने घरी सगळं सांगितलं. आई आधी रागावली, मग रडली. धनाजीराव युनिफॉर्ममध्येच खुर्चीत बसले होते. ते शिक्षणाचं विचारतील म्हणून ती वाट बघत राहिली. ते म्हणाले, "जेवायचीस कुठे?"

"पुलावर. बाकावर."

"एकटीच?"

"हो."

ते उठून आत गेले. नळ बराच वेळ चालू राहिला.

समुपदेशक बाईंची वेळ अकरा दिवसांनंतरची मिळाली. सोमवारी ती मोहनाबरोबर वर्गात गेली. दोनचार जणांनी वळून पाहिलं, एकाने "आजारी होतीस का?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वही काढली. हजेरी कमी असल्याने ते सत्र जाणार, हे सरांनी शांतपणे सांगितलं. मधल्या सुट्टीत मोहना तिच्या मैत्रिणींकडे गेली. हाताने ये म्हणाली. राजेश्वरी उठली, त्या पाचजणींच्या कडेला बसली. त्या कुणाच्या तरी साखरपुड्याबद्दल बोलत होत्या. तिला त्यातलं एकही माणूस माहीत नव्हतं. ती ऐकत राहिली.