भट्टीलगतची अंडी

अंडी मी बदलली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ऐकता ऐकता कोणी मला भली बाई समजायला नको. सहाच्या सहा अंडी दुकानातून आणली, आमच्या कोंबड्यांची म्हणून खोक्यात भरली आणि वर माझी सही ठोकून दिली.

माझं घर भट्टीच्या भिंतीला लागून आहे. जुन्या वायरी, फुटके टीव्ही, मेलेल्या बॅटऱ्या असा जगाचा कचरा तिथे येतो. त्यातलं तांबं-शिसं काढायला तो जाळतात. दोरीवरचे कपडे काढताना आधी राख झटकायची आणि मग घडी घालायची, ही आमची रीत. त्याच अंगणात माझ्या बावीस कोंबड्या मोकळ्या हिंडतात. चार गल्ल्यांत मला सगळे अंडीवाली म्हणूनच ओळखतात. माझ्या अंड्याचा बलक बघा आणि दुकानातल्या अंड्याचा बघा, हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायची.

माझी नणंद शाळेत शिकवते. सगळी वस्ती तिला मास्तरीण म्हणते, आणि मीही तिला चिडवायला तेच म्हणते. दोन वर्षं ती भट्टीच्या मागे हात धुऊन लागली होती. अर्ज केले, सह्या गोळा केल्या, धुराचे फोटो काढले. कंपनीचा एक साहेब यायचा, शर्टाला कधी चुणी म्हणून नाही, त्याला आम्ही इस्त्रीसाहेब नाव ठेवलं होतं. तो सगळं ऐकून घ्यायचा, चहा प्यायचा आणि जाताना विचारायचा, "पण ताई, पुरावा काय?"

एक दिवस मास्तरीण माझ्याकडे आली ती धापा टाकतच. "वहिनी, सापडला पुरावा! तुझ्या अंगणातच आहे."

"माझ्या अंगणात कोंबड्या आहेत."

"तेच म्हणतेय मी."

मग तिने मला आणि माझ्या सुनेला समोर बसवून वर्गात शिकवतात तसं शिकवलं. या धुरातलं विष मातीवर बसतं. कोंबडी दिवसभर माती टोचते. ते विष तिच्या चरबीत साठतं आणि तिथून अंड्याच्या बलकात उतरतं. म्हणून मोकळ्या कोंबडीचं अंडं तपासलं की त्या जागेचा सगळा हिशोब कळतो. त्या विषाचं नाव तिने फळीवर खडूने लिहिलंसुद्धा, पण ते उच्चारताना माझी जीभ वाकडी झाली. "पोटातल्या बाळाला सगळ्यात वाईट," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिने जीभ चावली.

कारण सुनेला तेव्हा पाचवा लागला होता. त्याआधीची दोन गेली होती. पहिलं तिसऱ्या महिन्यात, दुसरं पाचव्यात. माझा मुलगा ट्रक चालवतो, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. तिचं खाणंपिणं, रडणं, दवाखाना, सगळं मीच बघितलं. अंगात रक्त नाही म्हणून दोन्ही खेपांना मी तिला रोज दोन अंडी खाऊ घातली होती. ती नको म्हणायची, उमासे काढायची, तर मी ओरडायची, "गप खा, बाळासाठी खा!" अगदी माझ्या हाताने भरवली आहेत मी.

त्या दिवशी तिने समोरची बशी हळूच बाजूला सारली. "आई, तपासणी होईपर्यंत नको," एवढंच म्हणाली.

तपासणी भयंकर महाग होती, म्हणून एकाच अंगणाची करायची ठरली. भिंतीला सगळ्यात जवळचं अंगण माझं. दुसऱ्या कोणाचं असतं तर मास्तरणीने स्वतः खुराड्यात हात घालून अंडी काढली असती. मला म्हणाली, "शुक्रवारी सकाळी सहा अंडी भरून ठेव. तुला मी काय शिकवायचं?" साक्षीदार म्हणून तिने रिकाम्या खोक्याच्या कागदावर आधीच सही करून ठेवली. इतका विश्वास होता तिचा माझ्यावर.

गुरुवारचा अख्खा दिवस माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. अंड्यात विष निघालं तर ती दोन कोणी मारली? भट्टीने मारली असं मास्तरीण म्हणेल. पण भट्टी काही चमचा घेऊन माझ्या सुनेच्या समोर बसली नव्हती. बसले होते मी. कागदावर शिक्का मारून येणार की हो बाई, तूच. धंदा बुडेल, लोक तोंडावर थुंकतील, त्याचीही भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण ती नंतरची. शुक्रवारी उजाडताच मी दोन गल्ल्या सोडून, जिथे मला कोणी ओळखत नाही, त्या दुकानातून सहा तपकिरी अंडी आणली. त्यांना थोडी माती चोळली. एकावर पीस चिकटवलं. किती ही हुशारी!

पाच आठवड्यांनी निकाल आला. विष नावालाही नाही.

मास्तरणीने तो कागद चारदा वाचला. "असं कसं होईल?" ती पुटपुटली. तिने माझ्याकडे संशयाने बघितलं असतं तर मी तिथेच बोलून गेले असते, पण ती कागदाकडेच बघत राहिली. आणि ही बाई इतकी सरळ, की निकाल काहीही येवो सगळ्यांसमोर ठेवू, असं तिने आधीच जाहीर केलं होतं. तिने तो ठेवला. इस्त्रीसाहेबाने त्याच संध्याकाळी त्याच्या प्रती काढून घरोघर वाटल्या. कंपनीला दुसरी भट्टी उभारायची होती आणि जनसुनावणी तीन आठवड्यांवर आली होती.

सून मात्र उड्या मारायची बाकी होती. "आई! म्हणजे ती दोन यामुळे नाही गेली! तुम्ही उगाच झुरत होतात." तिने माझ्या गळ्यात हात टाकले. मग आपणच खुराड्यात गेली, ऊन ऊन दोन अंडी घेऊन आली आणि गॅसवर पातेलं चढवलं. मी बघत राहिले. खाऊ नको म्हणायचं तर का ते सांगावं लागणार, आणि सांगायचं तर खोक्यावरची सही खोटी हेच आधी सांगावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटेच अंडी गोळा करून परसात पुरायला लागले. गिऱ्हाइकांना सांगितलं, कोंबड्या बसल्यात, महिनाभर अंडी नाहीत. पण कोंबडीला काय वेळेचं बंधन? एक सकाळी घालते, एक दुपारी, एक लाकडांच्या मागे. मी बाजारात गेले की सून शोधून काढायची आणि मी परत येईपर्यंत उकडून खाऊन मोकळी. ओट्यावर कवचं तेवढी उरायची. मी दुकानातली आणून ठेवली तर हसली. "अंडीवालीच्या घरात विकतची अंडी? लोक काय म्हणतील?"

एकदा तिला परसातली उकरलेली जागा दिसली. "आई, इथे कवचं आहेत. कोण पुरतंय?"

"मुंगूस असेल," मी म्हणाले.

"मुंगूस खाईल की पुरेल?"

"मला काय विचारतेस? मुंगसाला विचार!" मी खेकसले. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खात होती ती, खवखवत होतं मला. मला जेवण जाईना. ती जरा वेळ निजून राहिली की मी दाराशी उभी राहून तिच्या पोटाकडे बघायची, हलतंय का म्हणून.

सुनावणीचा दिवस आला. शाळेचं सभागृह गच्च भरलेलं. टेबलामागे सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई, त्यांच्या एका हाताला इस्त्रीसाहेब, दुसऱ्या हाताला एकटी मास्तरीण. मी आणि सून तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

मास्तरीण धुराबद्दल बोलली, मुलांच्या खोकल्याबद्दल बोलली. मग इस्त्रीसाहेब उठला. आवाज चढवला नाही. खिशातून फक्त कागद काढला. "हा अहवाल आमचा नाही. ताईंनीच मागवला, ताईंच्याच सख्ख्या वहिनीच्या अंगणातली अंडी, आमच्या भिंतीपासून वीस पावलांवरची. आता सांगा, ताई."

मास्तरीण समोरचे कागद उलटसुलट करायला लागली. मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तरणीचा पेपर कोरा!" हशा पिकला. आमच्याच गल्लीतले लोक हसत होते, ज्यांच्या पोरांसाठी ती दोन वर्षं चपला झिजवत होती. दुसरा म्हणाला, "अंडीवाली फितूर असेल!"

हे ऐकून माझी सून ताडकन उभी राहिली. मी पदराला धरून खाली ओढलं तर तिने हात सोडवून घेतला. "माझ्या सासूबाईंना काही बोलायचं नाही! त्या असल्या नाहीत. अंडी चांगली आहेत म्हणून चांगली निघाली. मी स्वतः खाते. सातवा लागलाय मला, आणि मी रोज खाते!"

इस्त्रीसाहेबाने दोन्ही हात जोडले. "बाई, हे एवढं नोंदवून घ्यावं. याहून मोठा पुरावा मी काय देणार?"

अधिकारी बाई लिहायला लागल्या. माझ्या सुनेचं वाक्य, भट्टीच्या बाजूने. मला त्या पेनाचा आवाज ऐकू येत होता, शपथेवर सांगते, इतक्या लांबून. सून बसली, दमली होती, पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघून हसली. कशी पाठीशी उभी राहिले बघा, असं तिचं तोंड.

मी उठले. "लिहू नका," मी म्हणाले. "ती अंडी आमची नव्हती. मी बदलली."

पुढचं मला नीट आठवत नाही. खूप गलका झाला. कोणी खुर्ची आपटली, कोणी शिवी हासडली. मी दुकान सांगितलं, वार सांगितला, माती चोळली तेही सांगितलं. मास्तरीण उभी राहिली आणि फक्त "वहिनी?" म्हणाली. मार परवडला असता.

इस्त्रीसाहेबाला मात्र पहिल्यांदाच घाम फुटलेला दिसला. "ही बाई तेव्हा खोटं बोलली म्हणते, मग आत्ता खरं बोलतेय कशावरून? नणंदेने पढवलंय तिला."

"माझ्यावर विश्वास ठेवूच नका!" मी ओरडले. "मी खोटारडी आहे. माझ्या कोंबड्या नाहीत. वीस पावलांवर आहेत म्हणालात ना? चला मग, आत्ता चला."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. नवा नमुना त्यांच्या देखत घ्यायचा, आणि त्याचा निकाल येईपर्यंत दुसऱ्या भट्टीचा विषय बंद, असं त्यांनी सांगितलं. इस्त्रीसाहेबाने फोन कानाला लावला.

घरापर्यंत सगळी वरात आली. सून माझ्याबरोबर चालली नाही. मास्तरणीचा हात धरून पुढे गेली. फाटकाशी पोचल्यावर कोंबड्या नेहमीसारख्या माझ्या पायात आल्या. मी सवयीने खुराड्याकडे वळले.

"आत्या," सून म्हणाली, माझ्याकडे न बघता, "आईंना म्हणावं, लांब उभ्या राहा. कशाला हात लावू नका."

मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. तिला वाकता येत नव्हतं, तरी तिने कोणाची मदत घेतली नाही. एक हात पाठीवर, दुसऱ्या हाताने एकेक अंडं काढून तिने अधिकारी बाईंच्या हातात दिलं. लाकडांच्या मागचंही काढलं. सहा भरली. मास्तरणीने खोकं बांधलं, सुतळीवर लाख ओतली, सगळ्यांनी सह्या केल्या. माझी सही कोणी मागितली नाही.

मग अधिकारी बाईंनी एक छापील कागद काढला. "नमुन्याबरोबर हे भरावं लागतं. घरात ही अंडी कोण खातं?"

"मी," सून म्हणाली.

"पहिल्या अहवालानंतर साधारण किती खाल्ली असतील? अंदाजे सांगा."

सून विचार करायला लागली. बोटं मोजली, सोडून दिली. "लक्षात नाही हो. दहा-पंधरा? आई बऱ्याचदा म्हणायच्या, आज अंडीच नाहीत."

"एकोणीस," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. सून माझ्याकडे वळली. सभागृहातून निघाल्यापासून पहिल्यांदाच तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने आवाजसुद्धा चढवला नाही.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही मोजत होतात?"